जस्त कुणी खाल्लं

थोरलीच्या खानावळीतून चमचा गेला तरी संध्याकाळपर्यंत परत यायचा. चोर स्वतःच आणून ठेवायचा, कारण थोरली साठ जेवणाऱ्यांसमोर असं काही बोलायची की तो चमचा खिशात जड व्हायचा. अशा बाईच्या पायाखालून दर पाच महिन्यांनी सोळा किलो जस्त नाहीसं होत होतं आणि ते कोण नेतंय हे तिला कळत नव्हतं. तिच्या जिवाला केवढी टोचणी लागली असेल ते तुम्हीच समजा.

पायाखालून म्हणजे खरोखरच पायाखालून. खानावळ एका लोखंडी बोटीवर होती. बोट म्हणायची आपली सवय. इंजिन सासऱ्यांनी कधीच काढून विकलं होतं आणि तेव्हापासून ती बंदराच्या दगडी धक्क्याला चार दोरखंडांनी बांधून एका जागी उभी होती. वर पत्र्याचं छप्पर, मधे लांब बाकं, मागच्या टोकाला स्वयंपाकघर. हमाल, खलाशी, क्रेनवाले, बंदर कार्यालयातले कारकून, सगळे दुपारी इथेच जेवायचे. थोरली मधल्या वाटेत कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि कुणाच्या ताटात काय उरलं ते बघायची. उरलेलं दिसलं की विचारायची, "काय रे, घरी यापेक्षा चांगलं मिळतं का?" तो बिचारा खाली मान घालून संपवायचा.

बोट उभी असली तरी तिचा तळ खाऱ्या पाण्यात, आणि खाऱ्या पाण्याला लोखंडाची भारी आवड. म्हणून बुडाला जस्ताच्या आठ वड्या लावायच्या. साबणाची वडी असते तशा, पण एकेक दोन किलोची. वडी लोखंडाला घट्ट बोल्टने बसवायची, मधे रंगसुद्धा येऊ द्यायचा नाही. मग पाणी आधी जस्त खातं, लोखंडाला हात लावत नाही. सासऱ्यांच्या वेळी आठ वड्या दीड वर्षं पुरायच्या. गेली चार वर्षं मात्र पाच महिन्यांत साफ.

या खेपेला बंदर कार्यालयाचा तपासनीस आला तेव्हा वड्यांच्या जागी नुसते बोल्ट लोंबत होते.

तपासनीस सडपातळ, मितभाषी माणूस. जेवायलासुद्धा कधी आला नाही, म्हणून थोरलीला त्याचा आधीपासूनच राग. त्याने नव्या आठ वड्या मागवून घेतल्या, प्रत्येकीवर छिन्नीने तारखेचा ठसा मारला आणि आपल्या देखत पाणबुड्याकडून बसवून घेतल्या.

"ठसा कशाला?" थोरलीने विचारलं.

"आदल्या दिवशी नव्या वड्या लावून मला दाखवणारे बरेच असतात, बाई."

"मी त्यातली दिसते का तुम्हाला?"

"दिसण्यावर मी कागद देत नाही. दहा आठवड्यांनी येतो. या वड्यांतलं निम्म्याहून जास्त जस्त उरलं असलं तर ठीक. नसलं तर बोटीत काहीतरी खोट आहे असा अर्थ. खोट असलेल्या बोटीवर साठ माणसं जेवायला बसू देणार नाही मी."

थोरलीने मनात हिशेब मांडला. पाच महिन्यांत पूर्ण जातं, तर दहा आठवड्यांत जवळजवळ निम्मं. जराशी लाट इकडची तिकडे झाली की चूल बंद. नवरा बाकावर बसून हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "बघू काय होतं ते." लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि त्यातलं एकही वर्ष हे वाक्य ऐकल्याशिवाय गेलं नव्हतं.

"तुम्ही बघत बसा," थोरली म्हणाली. "मी शोधते."

पाणबुड्या अंगावरचं पाणी निथळत वर आला होता. जुना पाणबुड्या गावी निघून गेल्यावर हा आलेला, कानांत कायम पाणी, त्यामुळे मोठ्याने बोलायचा. थोरलीने त्याच्यापुढे गरम ताट ठेवलं आणि समोर बसली. ताट ठेवून बसली म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाणी जस्तच आधी का खातं रे?"

"ते मला नका विचारू, वहिनी. मी पाणबुड्या आहे, मास्तर नाही. लोखंड आणि जस्त एकमेकांना चिकटून पाण्यात असले की जस्त झिजतं, लोखंड वाचतं, एवढं मला माहीत."

थोरलीला 'ते नका विचारू' हे वाक्य कधीच पचलं नव्हतं. दुसरीतून तिचं नाव काढलं ते बाईंना फार प्रश्न विचारते म्हणून, असं ती सांगायची. खरं म्हणजे घरात पाळण्यातली दोन भावंडं होती आणि सांभाळायला कुणी नव्हतं. पण सांगताना पहिलं कारण बरं वाटायचं.

"बरं, मग दर वेळी तुला पाण्यात ढकलल्याशिवाय किती झिजलं ते कळणार कसं मला?"

पाणबुड्याने घास गिळला. "एक नववी वडी घ्या, लहान, एका किलोची. तारेला बांधून कठड्यावरून पाण्यात सोडा. तार कठड्याला बांधाल तिथला रंग खरवडून काढा, लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे. तीही बाकीच्यांच्याच प्रमाणात झिजेल. वर ओढा, वजन करा, परत सोडा. भिजायला मी नको."

हे थोरलीला फार आवडलं. त्याच दिवशी तिने दुकानातून नववी वडी आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ कठडा खरवडला आणि वडी सोडली. दर सोमवारी सकाळी पहिली भाजी चुलीवर चढली की ती वडी वर ओढायची, तिच्यावर आलेला पांढरा थर तारेच्या घासणीने काढायची, फडक्याने कोरडी करायची आणि मासळी तोलायच्या काट्यावर ठेवायची. किती ग्रॅम कमी झाली तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात. अक्षरं तिला आवडायची नाहीत, पण आकडे तिचे सुबक होते.

पहिला सोमवार, पन्नास.

तिचा पहिला संशय दुकानदारावर. जस्तात भेसळ असणार. ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून तेवढ्याच वजनाची वेगळी वडी घेऊन आली आणि ती सोडली. दुसरा सोमवार, पंचावन्न. पहिल्या दुकानदाराला तिने मनातल्या मनात माफ केलं. त्याला कळवलं मात्र नाही.

मग संशय स्वतःच्या स्वयंपाकघरावर. तांदळाचं पाणी, मासे धुतल्याचं पाणी, मिठाचं पाणी, सगळं खिडकीतून खालीच जायचं. मीठ वाढलं की भूक वाढते, तशी पाण्याचीही वाढत असेल. आठवडाभर तिने स्वयंपाकघरातल्या माणसांना एक थेंब खाली टाकू दिला नाही. बादल्या भरभरून नवऱ्याने धक्क्यापलीकडच्या गटारात नेल्या.

"आपण समुद्रात आहोत," तो दोन बादल्यांच्या मधे थांबून म्हणाला. "त्याला तुझ्या मुठीभर मिठाने काय होणार आहे?"

"बादली उचला."

तिसरा सोमवार, पन्नास. बादल्या बंद झाल्या. नवऱ्याने एक शब्द काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

आता इथे धाकटीविषयी सांगायला हवं, कारण धाकटी पंधरा पावलांवर राहायची आणि सहा वर्षं तिच्याशी थोरलीचं बोलणं नव्हतं.

सासऱ्यांनी दोन मुलांना दोन बोटी दिल्या. थोरल्याला ही खानावळ, धाकट्याला शेजारची, तशीच इंजिन नसलेली, तिच्यावर दोरखंड, ताडपत्री आणि लोखंडी हुकांचं दुकान. बोटी एकमेकींना आपटू नयेत म्हणून मधे जुने टायर टांगले आणि एकीवरून दुसरीवर जायला लोखंडी साकव टाकला. दोन्ही टोकांना दोन-दोन जाडजूड बोल्ट. धाकटा दूरच्या जहाजावर नोकरीला, वर्षाकाठी दोनदा यायचा; दुकान धाकटीच बघायची. सुरुवातीला दिवसातून वीस वेळा तो साकव वाजायचा. मग सासरे गेले, आणि एका दुपारी धाकटी गिऱ्हाइकांसमोर बोलून गेली, "खानावळ चालते ती जागेमुळे. इथे कुणीही भात शिजवला असता तरी चालली असती."

थोरलीने तिथल्या तिथे परतफेड केली. "दोर विकायला अक्कल लागत नाही, लांबी मोजता आली की झालं."

तेव्हापासून अबोला. पण साकव कुणी काढला नाही. जी आधी काढेल तिने घर तोडलं असं सगळं बंदर म्हणणार, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. उलट थोरली दर सोमवारी आपल्या बाजूचे दोन बोल्ट ब्रशने लख्ख घासायची आणि पाना घेऊन आवळायची. माझ्या बाजूला गंजाचा ठिपका दिसला असं धाकटीला म्हणता येऊ नये, एवढाच तिचा हेतू. धाकटीही तिकडून तेच करायची, आणि तिचा हेतूही बहुधा तोच होता.

आणखी एक गोष्ट होती, ती थोरलीच्या मनात काट्यासारखी रुतली होती. धाकटीच्या बोटीला जस्तच नव्हतं. सासऱ्यांनी लावलेलं चार वर्षांपूर्वीच संपलं, नंतर तिने लावलं नाही, आणि तिच्या बोटीवर माणसं जेवायला बसत नसल्यामुळे तपासनीस तिकडे फिरकतही नव्हता. तरी तिच्या बोटीला पाण्याखाली गंज नव्हता. धाकटी हे गिऱ्हाइकांना ऐकवायची. "माझ्या बोटीचं लोखंडच जातिवंत. तिला वड्याबिड्या लागत नाहीत." कुणाला ऐकू जावं ते बरोबर ठरवून, थोरलीच्या खिडकीकडे तोंड करून.

चौथा आठवडा लागला त्याच दिवशी जहाजं ओढणारी एक मोठी टग बोट बेफाम वेगाने गेली. तिच्या लाटेने सगळा धक्का हलला, आणि साकवाचे धाकटीकडचे दोन्ही बोल्ट तुटले. साकवाचं ते टोक घसरून टायरवर टेकलं. धाकटीने मापाचे बोल्ट मागवले. ते यायला आठवडा लागला. तेवढा आठवडा थोरलीने खिडकीतून त्या लोंबत्या टोकाकडे बघून नवऱ्याला सांगितलं, की काही बायकांना दोन बोल्टही वेळेवर जमत नाहीत.

चौथा सोमवार, वीस.

थोरलीने काटा झटकला. काट्यावर किलोभर साखरेचा पुडा ठेवून बघितला. काटा ठीक होता. वडी परत घासली, परत ठेवली. वीस.

"अहो, या आठवड्यात वेगळं काय झालं?"

नवऱ्याने बराच विचार केला. "मंगळवारी भात जरा चिकट झाला होता."

ती कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. पन्नास, पंचावन्न, पन्नास, वीस. त्या आठवड्यात पाऊस नव्हता, थंडी नव्हती, पाणी तेच, मीठ तेच, वडी तीच. तिने बोटांवर मोजत प्रत्येक दिवस आठवला. फक्त एकच गोष्ट वेगळी होती, आणि ती इतकी बिनकामाची वाटत होती की तिने ती दोनदा मोजायची सोडून दिली.

त्याच दुपारी धाकटीचे नवे बोल्ट आले आणि साकव परत बसला. थोरलीने तो बसताना खिडकीतून बघितला. पुढच्या सोमवारची मात्र तिने अशी वाट बघितली की शनिवारीच वडी ओढायला हात जात होता.

पाचवा सोमवार, पन्नास.

पाणबुड्याला तिने चहाचा घोटही घेऊ न देता विचारलं. "लोखंडाला जस्त चिकटलेलं असलं की ते लोखंड वाचतं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि त्या लोखंडाला दुसरं लोखंड चिकटलेलं असलं तर?"

"तर तेही..." पाणबुड्याचा कप हवेत राहिला. त्याने खिडकीतून साकवाकडे बघितलं, साकवावरून धाकटीच्या बोटीकडे बघितलं, आणि परत थोरलीकडे. "अरे देवा."

"काय अरे देवा? तू तर रोज खाली जातोस."

"मी पाण्यात असतो, वहिनी. साकव वर असतो."

थोरली बाकावर बसली. ती कधी बाकावर बसत नसे. आचारी घाबरून बाहेर येऊन बघून गेला. म्हणजे आठ वड्या दोन बोटी पोसत होत्या. सहा वर्षांत तोंडातून शब्द गेला नव्हता, पण लोखंडाला कुणी सांगितलंच नव्हतं की आपलं वाकडं आहे. आणि दर सोमवारी ब्रशने बोल्ट घासून, पान्याने आवळून, आपलं जस्त पलीकडे जायला वाट कुणी मोकळी ठेवली होती? तिने स्वतः. लख्ख करून.

आधी तिला हसू आलं. मग जातिवंत लोखंड आठवलं आणि इतका आनंद झाला की चार गिऱ्हाइकांना तिने जास्तीचा भात वाढला. आता बोलायचं. सगळ्यांसमोर, भर दुपारी. पण थोड्या वेळाने दुसरा विचार आला. तपासणीला पाच आठवडे उरले होते. आठ वड्या वाचवायच्या तर साकव सुटायला हवा. आणि साकव सोडला की बंदर म्हणणार, थोरलीने तोडलं.

रात्री तिने ते नवऱ्यासमोर मांडलं. नवरा म्हणाला, "बघू..." आणि तिच्या तोंडाकडे बघून पुढचं गिळलं. मग म्हणाला, "चूल बंद पडली तरी लोक बोलणारच आहेत."

एकोणतीस वर्षांत हे त्याचं सगळ्यात कामाचं वाक्य होतं, पण ते तिने त्याला कळू दिलं नाही.

सहाव्या सोमवारी सकाळी पन्नासाचा आकडा लिहून तिने पाना घेतला. बोल्ट इतके चकचकीत होते की नट पहिल्याच झटक्याला फिरले. तिने साकवाचं टोक उचलून लोखंडावरून काढलं आणि मधल्या टायरवर, रबरावर ठेवलं. मान वर केली तर धाकटी दुकानाच्या दारात उभी. हातात दोरखंडाचं वेटोळं, चेहरा पांढरा पडलेला.

"काढलात शेवटी," धाकटी म्हणाली.

सहा वर्षांनंतरचे पहिले शब्द. थोरलीने ठरवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"मला हौस नाही आली. पाण्याखालचं कारण आहे."

"हो का. पाण्याखालचं."

"तुझी बोट माझं जस्त खाते."

धाकटीने वेटोळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "जाऊबाई, भांडायचं तर नीट भांडा. आजवर कुणी कुणाचं जस्त खाल्लं असं भांडण मी ऐकलं नाही."

"मीही नव्हतं ऐकलं. इकडे ये." थोरलीने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं आणि कठड्यावरून तिच्यापुढे धरलं. "हे बघ. साकव लागलेला, पन्नास. तुझे बोल्ट तुटले, वीस. परत लागला, पन्नास. वाचता येतं ना अजून?"

धाकटी दहावी शिकलेली. तिने आकडे दोनदा वाचले. "एका आठवड्याने काय ठरतं? तुमचा काटा मासळीचा."

"काटा तपासलाय. साखरेचा पुडा ठेवून."

"माझ्या बोटीला गंज नाही, कारण तिचं लोखंड..."

"जातिवंत आहे. ऐकलंय. भिंतींसकट सगळ्या धक्क्याने ऐकलंय."

धाकटीचे कान लाल झाले. पण ती आत गेली नाही. दोर खाली ठेवून कठड्याशी आली आणि पाण्यात वाकून बघू लागली. थोरलीने ते बघितलं आणि तिला जरा नवलच वाटलं. घरातल्या सगळ्यांत 'दाखव' म्हणणारी आपण एकटी, असं ती आजवर समजत होती.

"मग दाखवा," धाकटी म्हणाली.

"काय दाखवू?"

"साकव सुटलाय ना? मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या बोटीला आता कुणी वाली नाही. मी वीतभर पाण्याखाली तळहाताएवढी जागा घासते, रंग काढून, लोखंड उघडं करून. लाल झाली तर तुमचं खरं."

"घास."

"आणि तुम्हीही घासा. तुमच्याकडे. तुमचीही लाल झाली, तर पाणीच वाईट आहे, माझ्या बोटीचा काही संबंध नाही."

हे थोरलीला सुचलं नव्हतं. ती मनातून चडफडली, कारण बरोबर होतं. दोघी आपापल्या कठड्यावर पालथ्या झाल्या आणि लांब दांड्याच्या खरवडणीने घासू लागल्या. नवरा मधे येऊन उभा राहिला. दोन लुगडी कठड्यावरून लोंबतायत, दोन खरवडण्या पाण्यात खरखरतायत, आणि दोघींची तोंडं एकमेकींकडे आहेत, हे बघून तो आल्या पावली परत गेला.

"तळहाताएवढंच," थोरली म्हणाली. "तू ताटाएवढं घासतेयस."

"माझा तळहात मोठा आहे. दोर ओढून ओढून झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता थोरली खिडकीशी गेली तर धाकटी आधीच वाकलेली होती. थोरलीकडचा घासलेला चौकोन करडा, जसाच्या तसा. धाकटीकडच्या चौकोनावर फिकट तपकिरी छटा, कोऱ्या चहासारखी.

"सावली पडलीय," धाकटी म्हणाली.

"पडू दे."

तिसऱ्या दिवशी तो विटेच्या रंगाचा झाला. सावलीत बघा नाहीतर उन्हात. धाकटीने लांब काठी पाण्यात घालून त्याला टोचलं, आणि काठीच्या टोकाला लाल चिखल आला. तिने तो बोटाने चोळला. थोरली वाट बघत होती. या क्षणासाठी तिने तीन दिवस वाक्यं जुळवली होती, त्यातली दोन तर खरोखर चांगली होती.

"म्हणजे चार वर्षं," धाकटी काठीकडे बघतच म्हणाली, "माझी बोट तुमचं खात होती."

"चार वर्षं."

"आणि तुम्हाला ते कळायला चार वर्षं लागली."

थोरलीची दोन्ही चांगली वाक्यं वाया गेली. दोघींनाही एकदमच हसू फुटलं. थोरलीचं हसणं असं की बाकावर बसलेला एक क्रेनवाला दचकून उठला. हसता हसता धाकटीचा चेहरा मात्र मधेच उतरला. "तळाला पत्रा पाच मिलिमीटरचा आहे फक्त," ती हळू आवाजात म्हणाली. "आता हा सगळा असाच लाल होणार का?"

हे थोरलीच्या ध्यानातच आलं नव्हतं. जिंकायचं कसं एवढंच तिने ठरवलं होतं. जिंकल्यावर समोरच्या बोटीच्या बुडाला उघडं पाडून आपण उभ्या राहू, हे नाही. तिने पाणबुड्याला हाक मारायला नवऱ्याला पाठवलं. पाणबुड्या म्हणाला, आठ वड्या उद्या आणवतो, पण शनिवारशिवाय बसवणं होणार नाही, दुसऱ्या धक्क्यावर काम आहे.

थोरलीने स्वयंपाकघराशेजारची नववी वडी तारेसकट वर ओढली, फडक्याने पुसली, काट्यावर ठेवली आणि वजन बघितलं.

"घे. कठडा खरवडून बांध. रंगावर बांधलीस तर काही उपयोग नाही." आणि वडी हातात देताना, "तोलून दिलीय. किती खाल्लं ते मला शनिवारी सांगायचं."

"तुमच्या काट्यावर नाही तोलणार. माझ्याकडे दोराचा आहे."

शनिवारी धाकटीच्या बोटीला आठ वड्या लागल्या. कुठे लावायच्या ते थोरलीने सांगितलं, पुढे दोन, मागे चार, मधे दोन, आणि पाणबुड्याने तसंच लावायचं ठरवलं होतं हे त्याने शहाणपणाने बोलून दाखवलं नाही.

तपासणीच्या दिवशी खानावळ नेहमीसारखी भरली होती. थोरली मधल्या वाटेत उभी राहिली नाही. ती कठड्याशी होती, आणि धाकटी, दुकान बंद करून, तिच्या शेजारी. पाणबुड्याने खाली जाऊन ठसा असलेली एक वडी सोडवून वर आणली. तपासनिसाने ती घासली, उलटीसुलटी केली, ठशाच्या उरलेल्या खुणेवरून बोट फिरवलं आणि कार्यालयाच्या काट्यावर ठेवली.

दोघी एकदम वाकल्या. त्याला आकडा दिसेना.

"बाजूला व्हा जरा, बाई." तो म्हणाला. "एक किलो तीनशे."

"दोन किलोतून," थोरली म्हणाली.

"माहीत आहे मला." त्याने कागदावर सही केली. मग थांबून विचारलं, "बदललं काय तुम्ही?"

थोरलीने साकवाकडे बोट दाखवलं. त्याचं एक टोक अजून टायरवर होतं. तपासनिसाने तिकडे बघितलं, मग दोन्ही बोटींकडे. पहिल्यांदाच तो बाकावर जाऊन बसला आणि जेवायला मागितलं. त्याच्या ताटात काही उरलं नाही. थोरलीने बघितलं होतं.

दुपारची गर्दी ओसरली, तेव्हा धाकटी साकवाच्या टोकाशी उकिडवी बसली होती. थोरली पाना घेऊन तिच्यापाशी आली.

"कागद मिळाला तुम्हाला," धाकटी म्हणाली. "आता याचं काय करायचं? मधे रबर घालून बसवला तर चालेल, पाणबुड्या म्हणत होता. म्हणजे कुणाचं कुणाला जाणार नाही."

"रबर कशाला?"

"मग परत जाईल ना."

"जाऊ दे की." थोरली खाली बसली, गुडघे कुरकुरले. तिने साकवाचं टोक लोखंडावर ओढलं आणि बोल्ट भोकात घातला. "आता दोन्हीकडे सारख्याच आठ-आठ वड्या. नवे बोल्ट, घासलेलं लोखंड. दोन्ही बोटी एकमेकींना लागलेल्या. कुणाच्या वड्या लवकर जातात ते मला बघायचंय. तुझी बोट लांबीने जास्त, माझ्यावर रंग नवा. सांगता येतं का आधीच? मला नाही येत."

धाकटीने दुसरा बोल्ट उचलला आणि विचार करत फिरवायला सुरुवात केली. "दर सोमवारी?"

"दर सोमवारी. तुझ्याकडे एक टांगायची, माझ्याकडे एक. एकाच काट्यावर."

"कुणाच्या काट्यावर?"

"ते नंतर भांडू."

धाकटीने नट घट्ट आवळला, पाना बाजूला ठेवला आणि हात लुगड्याला पुसले. "आणि समजा, तुमचंच जस्त माझ्यापेक्षा लवकर चाललंय असं निघालं, तर?"

"तर तुला चार वर्षांनी सांगेन," थोरली म्हणाली, आणि पहिला बोल्ट आवळायला पान्यासाठी हात पुढे केला.